मान वाकवून ऐकलेली लोकर

मॅक्लिश यांच्या स्वयंपाकघरात शेगडीच्या उजव्या हाताच्या भिंतीवर स्क्रूच्या भोकांच्या चार ओळी होत्या. सगळ्यात वरची जमिनीपासून एकशे अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरवर, तिच्या खालची एकशे एकोणसाठवर, मग एकशे अडतीस आणि शेवटची एकशे बारावर. फळी सध्या त्या शेवटच्या ओळीवर होती. वरची भोकं आल्बीने लुकण भरून बुजवली होती आणि त्यावर रंगही दिला होता. पण दर वेळी रंगाचा डबा नवा असल्यामुळे पांढऱ्या भिंतीवर वेगळ्या पांढऱ्या रंगाचे ठिपके उमटले होते.

फळी खाली घे असं नेटाने नवऱ्याला एकदाही सांगितलं नव्हतं. त्यानेही कधी विचारलं नव्हतं. चहाचा डबा काढताना ती डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार देते आहे असं दिसलं, की पुढच्या रविवारी सकाळी ड्रिलचा आवाज यायचा. दोघंही त्यावर काही बोलत नसत. असं अकरा वर्षं चाललं होतं.

नेटाला ऱ्हुमॅटॉइड संधिवात होऊन बावीस वर्षं झाली होती. नव्या इंजेक्शनांनी तिची बोटं वाचवली, पण ती इंजेक्शनं यायच्या आधीच उजवा खांदा हातचा गेला होता. बोटं वाचली याचं तिला अप्रूप होतं, कारण तिचं पोट बोटांवर होतं. मॅनिओटोटोच्या पठारावरच्या, मेंढ्या कातरायच्या नऊ शेडांमध्ये ती लोकरीची प्रत ठरवायची. कोणती लोकर पहिल्या गासडीत जाईल, कोणती दुसऱ्या, कोणती बाजूला काढायची, हे तिने सांगायचं आणि भरलेल्या गासडीवर तिच्या क्रमांकाचा शिक्का बसायचा. तो शिक्का पाहिला की परदेशातला गिरणीवाला गासडी न उघडता भाव करतो, असं शेडमध्ये म्हणत. नेटा त्यावर म्हणायची, "उघडून बघितलेली बरी."

एप्रिलमध्ये इस्पितळाचं पत्र आलं. खांदा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी तिने भरून दिलेल्या फॉर्मचे गुण अठ्ठावीस झाले होते. यादीत नाव लागायला साठ लागत. 'आपली गरज सध्या शस्त्रक्रियेइतकी तातडीची दिसत नाही,' असं सभ्य भाषेत लिहिलं होतं. सोबत फॉर्मची प्रत होती.

पत्र वाचून नेटाला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. आल्बी चष्मा लावून ती प्रत वाचायला बसला.

"केस विंचरता येतात का? हो," त्याने वाचलं.

"येतात की."

"तुला केस आहेत कुठे, नेटा? शेडमधला टायटस मेंढी कातरतो, तो तिच्या अंगावर याच्यापेक्षा जास्त ठेवतो."

"म्हणूनच तर विंचरता येतात."

"शर्ट स्वतः घालता येतो का? हो. किती वेळ लागतो?"

"ते विचारलेलं नाही त्यांनी."

"डोक्याच्या वर असलेल्या फळीवरची वस्तू काढता येते का? लागू नाही."

"आपल्याकडे डोक्याच्या वर फळी आहेच कुठे?"

आल्बीने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. ठिपक्यांच्या तीन ओळी वरून खाली पाहिल्या. मग पुढची ओळ वाचताना त्याचा आवाज जरा चढला. "दुखणं शून्य ते दहापैकी किती? तीन. तीन?"

"दहा म्हणजे इओनाच्या जन्माच्या वेळचं. बर्फाने रस्ता बंद, आणि पोर पायाळू."

"त्याला तेहतीस वर्षं झाली!"

"मोजपट्टी बदलायची नसते मध्येच."

"आणि आपल्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या मार्चमध्ये? तू आलीस आणि म्हणालीस, विशेष काही नाही."

नेटाने ओट्यावरचं फडकं उचललं आणि स्वच्छ असलेलं टेबल पुन्हा पुसलं. "खोबणीचं हाड झिजतंय. वर्षभर, फार तर दीड वर्ष आहे हातात. त्यानंतर नवा सांधा बसवायचा म्हटला तरी स्क्रू धरेल एवढं हाड उरणार नाही."

आल्बीचा जन्म कुंपणं घालण्यात गेला होता. खांब कशाच्या जोरावर उभा राहतो हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"हे मला कधी सांगणार होतीस?"

"कातरणी झाल्यावर."

हेही उत्तर अकरा वर्षांचं होतं. ही कातरणी झाली की बघू. पठारावर एका शेडची कातरणी संपते तेव्हा दुसऱ्याची सुरू झालेली असते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत आल्बी शेडमध्ये आला. तो शेडमध्ये कधी येत नसे. मेंढ्यांचा वास आणि गप्पा दोन्ही त्याला सोसत नसत. टोपी न काढता तो सरळ मेरेआनाकडे गेला, तो फॉर्म तिच्या हातात ठेवला, "वाच, मोठ्याने," एवढंच म्हणाला आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

मेरेआना टेबलावर नेटाची मदतनीस होती. अकरा वर्षांपूर्वी जमिनीवरची लोकर झाडायला आली आणि तिथून वर चढत गेली. गेल्या वर्षी तिला स्वतःचा शिक्का मिळाला होता, पण तो अजून प्लास्टिकच्या पिशवीत, गाडीच्या कप्प्यात पडून होता. जिभेला तिच्या हाड नव्हतं.

"आल्बी, तू घरी जा," नेटा म्हणाली.

"थांब हं आन्टी. छापील आहे, म्हणजे वाचलंच पाहिजे." चहाबरोबरचा चीजचा स्कोन, छोटा पाव, तोंडात धरून मेरेआनाने कागद उलगडला. केस विंचरण्याच्या ओळीला सगळे हसले. शर्टाच्या ओळीला टायटस म्हणाला, "मला पण वेळ लागतो, पण माझं पोट आड येतं." फळीच्या ओळीला हसू कमी झालं. 'पूर्वी करत असलेलं एखादं काम आता करता येत नाही का?' या प्रश्नापुढे नेटाने आडवी रेघ मारली होती.

मेरेआनाने स्कोन खाली ठेवला.

"आन्टी, तू लोकर फेकायचीस म्हणे आधी. टायटस सांगतो. अख्खी लोकर टेबलावर अशी पडायची म्हणे, जशी इस्त्रीची चादर."

"तेव्हा मदतनीस नव्हती. आता तू आहेस."

"बरं. आणि बट ऐकताना मान का वाकवतेस?"

लोकर कमजोर आहे का हे पाहायचं तर एक बट घेऊन दोन्ही हातांनी ताणायची, कानाजवळ धरायची आणि बोटाने टिचकी मारायची. धड असेल तर तारेसारखी वाजते. कुठे कच्ची असेल तर करकरते. सगळे प्रतवाले बट कानापाशी नेतात. नेटा कान बटीपाशी नेत असे. हात छातीशी ठेवून ती उजवीकडे वाकायची, मान तिरपी करून, झऱ्याला तोंड लावल्यासारखी.



"मी अकरा वर्षं मान वाकवून ऐकतेय," मेरेआना म्हणाली. "मला वाटलं, तशी पद्धत आहे. परीक्षेला गेले तेव्हा परीक्षकाने विचारलं, हे काय? मी म्हटलं, आमच्याकडे असंच शिकवतात. पुढच्या तिघींना मी तेच शिकवलंय. आम्ही चौघी रांगेत उभ्या राहिलो की मान लचकलेल्या कोंबड्यांसारख्या दिसतो. ती पद्धत नव्हती?"

"नव्हती."

"मग काय होतं?"

नेटाने चहाचा कप खाली ठेवला. "हात वर जात नव्हता."

फळ्यांच्या जमिनीखालच्या कप्प्यांत मेंढ्यांचे खूर वाजत होते. आल्बी दारात पाठमोरा उभा होता.

"अकरा वर्षं," मेरेआना हळू म्हणाली. मग तिने डोळे पुसले आणि ती एकदम भडकली. "आणि कुणी विचारलं की, 'चालतंय'! दर सोमवारी मी विचारते, आन्टी कशी आहेस. चालतंय! आजपासून या शेडमध्ये तो शब्द बंद. ही बाई 'चालतंय' म्हणाली की सगळ्यांनी ओरडायचं, 'खोटं!' टायटस, तू सर्जन हो."

टायटस उभा राहिला, त्याने घामट बनियन नीट केलं आणि आवाज बारीक केला. "काय मॅक्लिशबाई, कसा आहे खांदा?"

"चालतंय," नेटाच्या तोंडून गेलंच.

"खोटं!" शेड गरजलं. खालच्या मेंढ्या बिथरून एका कोपऱ्यात गोळा झाल्या.

त्या दिवशी ती चौदा वेळा तो शब्द बोलली. आठवड्याच्या शेवटी आकडा चारवर आला. दुसऱ्या आठवड्यात एकदा टायटसने मशीनचा दांडा हातात असताना वळून विचारलं, "आन्टी, खांदा?" आणि नेटा चिडून म्हणाली, "मेला रात्रभर ठणकतोय, तू तुझं काम कर!" तेव्हा पाचही कातरणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने लोकरीचा गोळा टायटसला मारला. डाव्या हाताने.

गावातल्या डॉक्टरीणबाईंनी नवं पत्र दिलं आणि जूनमध्ये इस्पितळात प्रत्यक्ष तपासणी ठरली. मिस्टर हेझलडीन हे सर्जन पन्नाशीचे होते, हात मोठे, बोलणं तुटपुंजं. त्यांचे वडीलही मेंढ्या राखत, हे त्यांच्या चालण्यावरून आल्बीने ओळखलं.

"बरं, मिसेस मॅक्लिश. कसं काय आहे?"

शब्द जिभेवर येऊन बसला होता. नेटाने तो गिळला, पण त्याच्या जागी काय ठेवायचं ते सुचेना. गेले दोन महिने पाठ केलेली वाक्यं तिला नाटकी वाटली. तक्रार करणं तिला जमणार नव्हतं. पण प्रत ठरवणं तिला जमत होतं.

"शर्ट घालायला अकरा मिनिटं लागतात," ती म्हणाली. "थंडीत चौदा. स्वयंपाकघरातली फळी अकरा वर्षांत सहासष्ट सेंटिमीटर खाली आली आहे. केस विंचरावे लागू नयेत म्हणून कापले. रात्री तीनदा जाग येते, कधी चारदा. उजवा हात तोंडाशी नेताना डाव्याने उचलावा लागतो, म्हणून चारचौघांत मी सूप घेत नाही. फॉर्मवर मी जे लिहिलं ते खरं होतं, पण बरोबर नव्हतं."

हेझलडीन पेन थांबवून ऐकत होते.

"लोकर असती," नेटा म्हणाली, "तर ही बट मी कानाला न लावता सांगितलं असतं. तुटकी आहे. माझ्या हाताखालून ही पहिल्या गासडीत गेली नसती. तिसरीतही नाही."

आल्बीने टोपी डोक्यावरून काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

सर्जनने तिला हात वर करायला सांगितलं. तिने केला, छातीच्या उंचीपर्यंत बऱ्यापैकी गेला. "आता पुन्हा," ते म्हणाले आणि मागून तिच्या पाठीच्या फऱ्यावर तळवा दाबून धरला. हात बरगडीपासून जेमतेम सुटला आणि थांबला. "तुम्ही हात उचलतच नव्हता. पाठ उचलत होता. फार हुशारीने." त्यांनी कोन मोजला. "पस्तीस अंश."

मग त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. हात उचलणारे दोर तुटून गेले होते, त्यामुळे नेहमीचा सांधा बसवून उपयोग नव्हता. उलटा बसवायचा: जिथे खोबण आहे तिथे गोळा आणि जिथे गोळा आहे तिथे खोबण. म्हणजे तुटलेल्या दोरांचं काम खांद्यावरचा मोठा स्नायू करतो. त्याआधी काही आठवडे इंजेक्शन थांबवावं लागेल, कारण जखम चिघळायची भीती. तेवढे दिवस बाकीचे सांधे बोंब मारतील. शिवाय भूल देण्याआधी मानेचा फोटो काढायला हवा. या आजारात मानेचे मणकेही सैल होतात.

"कामात मान फार वाकवता का?" त्यांनी विचारलं.

"आता नाही वाकवणार," नेटा म्हणाली. आणि मग, कारण हेही पाठ करून ठेवलं होतं, "लोकर फेकता येईल?"

हेझलडीननी पडदा बंद केला. "नाही. हात तोंडाशी जाईल, कपाळापर्यंत जाईल, फळीपर्यंत जाईल. रात्री झोप लागेल. पण तेवढा भार तसा झटक्याने फेकायचा नाही. ते मी परत देऊ शकत नाही."

नेटाने मान डोलावली. जे परत येणार नाही ते स्पष्ट सांगितल्यामुळे, जे येईल म्हणाले त्यावर तिचा विश्वास बसला.

"कानापर्यंत?" तिने विचारलं.

"कानापर्यंत जायला हरकत नाही."

त्यांनी रकाने भरले, बेरीज केली आणि कागद तिच्याकडे वळवला. चौऱ्याहत्तर. खालच्या मजल्यावरून आल्बीने शेडमध्ये फोन केला. तो फोनवर फार तर सहा शब्द बोलायचा. त्या दिवशी दोनच बोलला. "चौऱ्याहत्तर झाले." पलीकडून जो गलका आला तो नेटाला चार हातांवरून ऐकू आला. मेंढ्यांचाही त्यात आवाज होता.

ऑगस्टमध्ये, तिथल्या सरत्या हिवाळ्यात, मुख्य हंगाम सुरू झाला. पठारावर सकाळी दव गोठलेलं, शेडमध्ये पाच मशीनं चालू, टेबलावर दर अर्ध्या-पाऊण मिनिटाला एक लोकर. अकरा वाजायच्या सुमाराला नेटाच्या खिशात फोन वाजला. तिने डाव्या हाताने काढला, नंबर पाहिला आणि टेबलापासून दोन पावलं मागे सरली.

"मिसेस मॅक्लिश? इस्पितळातून बोलतेय, शस्त्रक्रियांच्या तारखा मी देते. ऐकू येतंय का?"

"मशीनं चालू आहेत. मोठ्याने बोला."

टायटसने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मशीनची दोरी ओढली. अर्धी कातरलेली मेंढी मांड्यांत धरून कातरणारा कधी मशीन थांबवत नाही. त्या शेडमध्ये तरी कुणी पाहिलं नव्हतं. टायटसचं पाहून दुसऱ्याने ओढली, मग तिसऱ्याने. पाच मशीनं एकामागून एक बंद झाली आणि पाच मेंढ्या, एक बाजू गोरी आणि दुसरी बाजू मळकट, चकित होऊन पडून राहिल्या.

"आता ऐकू येतंय," नेटा म्हणाली. तिने फोनचा स्पीकर लावला, कारण फोन कानापाशी धरून ठेवणं जमत नव्हतं.

"नऊ सप्टेंबरला जागा आहे. मंगळवार. मात्र आज होकार हवा. ही तारीख नको असेल तर नाव पुन्हा यादीत मागे जाईल. पुढची कदाचित नव्या वर्षात, नक्की सांगता येत नाही."

नऊ सप्टेंबर. आठ तारखेला कॅरिकबर्न सुरू होत होतं. अकरा हजार मरिनो मेंढ्या, पठारावरचं सगळ्यात मोठं शेड, सगळ्यात बारीक लोकर. कॅरिकबर्नच्या गासड्यांवर सलग एकोणीस वर्षं नेटाचा शिक्का होता. मालक दर वर्षी फोन करून फक्त एवढंच विचारायचा, तूच येणार ना?

आणि नव्या वर्षापर्यंत हाड किती उरेल ते कुणी सांगू शकत नव्हतं.

"हॅलो? कातरणीचे दिवस आहेत का तुमच्याकडे? पुष्कळ जण म्हणतात, कातरणी झाल्यावर बघू. तसं लिहू का?"

 मेरेआना टेबलापलीकडे उभी होती, हातात नुकतीच उचललेली अख्खी लोकर, फेकायची राहिलेली. ती नेटाकडे बघत नव्हती. खाली टेबलाच्या जाळीकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून.  सुचत होतं ते ती बोलणार नव्हती.

"मेरेआना," नेटा म्हणाली, "तुझा शिक्का गाडीत आहे ना?"

"आहे." मेरेआनाने लोकर छातीशी धरली. "आन्टी, पण कॅरिकबर्न... मी एकटीने कधी..."

"परवा त्या करड्या मेंढ्याची लोकर दुसऱ्या गासडीत कुणी टाकली?"

"मी."

"मी पहिलीत टाकणार होते. चूक माझी होती." नेटाने हे शेडभर ऐकू जाईल असं सांगितलं. मग ती फोनकडे वळली. खांदा ठणकत होता, तीनपेक्षा पुष्कळ जास्त.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "नऊ सप्टेंबरला मी येते. कॅरिकबर्नची लोकर यंदा मेरेआना बघेल."